फोटोतली नथ

आषाढात जिजी अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि श्रावण सरेपर्यंत खाटेवरून उतरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. बातमी आली तेव्हा आम्हा सगळ्यांना काळजी वाटली. पण फोन ठेवल्याबरोबर माझा मुलगा योगराज म्हणाला, "मग आई, यंदा कानबाईचा शृंगार कोण करणार?"

जिजी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, शोभाबाई. त्या दोंडाईच्याजवळ गावी राहतात, आम्ही सुरतेला पांडेसऱ्यात. आमच्या घराण्याची कानबाई पूर्वी गावीच बसायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवायची, रात्री गाणी, सोमवारी सकाळी नदीवर निरोप. पण एकेक करून सगळे दीर, पुतणे सुरतेला मिलमध्ये लागले. तेव्हा सुट्टी मागितली की मुकादम सरळ म्हणायचा, गावीच राहा मग. काही वर्षं कानबाईपुढे गाणी म्हणायला गावात जिजी आणि दोन म्हाताऱ्याच उरल्या. शेवटी जिजींनीच ठरवलं, माणसं जिथे तिथे देवी. एका श्रावणात त्या पॅसेंजर गाडीच्या साध्या डब्यातून कानबाईला मांडीवर घेऊन उधन्याला उतरल्या. मी स्टेशनवर गेले होते. डब्यात एवढी गर्दी, पण जिजींच्या शेजारची जागा लोकांनी रिकामी सोडलेली होती.

देवी आम्हाला दिली, पण दोन अटींवर. शृंगार त्यांच्याच हातचा. आणि त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय देवी बसवायची नाही. तेव्हापासून दर श्रावणात त्या शनिवारी यायच्या, रविवारी दुपारी दार लोटून शृंगार करायच्या आणि संध्याकाळी बाहेर येऊन म्हणायच्या, "हो. बसाडा." मी इतकी वर्षं त्यांच्या हाताशी असायचे, मेण मऊ करून द्यायचे, टिकल्या निवडून द्यायचे. नारळाला हात लावला नव्हता.

आमची कानबाई म्हणजे नारळच. फार जुना, नदीवरून दरवर्षी परत घरी येतो. सासूबाईंच्याही सासूबाईंच्या वेळचा म्हणतात. आतलं पाणी कधीच आटलंय, हातात घेतला की आत खोबरं खुळखुळतं. त्याला हळद लावायची, मेणाचं नाक करायचं, चांदीचे डोळे बसवायचे, नाकात नथ, कपाळाला टिकली, वर छोटं लुगडं. एवढं झालं की नारळ दिसत नाही, बाई दिसते.

योगराजच्या प्रश्नाचं उत्तर जिजींनी खाटेवरूनच दिलं. "मालती करी. आणि एकेक गोष्ट झाली का माले फोटो धाडी. मी देखसू, मंग हो सांगसू."

गावी व्हिडिओ अडकत अडकत येतो, तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. फोटो मात्र पोचतात. त्यांची सून रंजना हिच्याकडे दोन फोन आहेत, त्यातला मोठा फोन तिने जिजींच्या उशाशी ठेवून दिला. मोतीबिंदू काढल्यापासून जिजींची नजर फार तीक्ष्ण झाली आहे. भाजीतला केस त्यांना ओसरीवरून दिसतो.

आता माझ्या फोटो काढण्याविषयी सांगते. आमच्या तरुणपणी फोटो काढणं हे दुसऱ्याचं काम होतं, आपण नुसतं उभं राहायचं. उधन्याचा एक स्टुडिओवाला पूर्वी कानबाईला यायचा. तो काळ्या फडक्यात डोकं घालत नसे, तसला कॅमेरा त्याच्याही आधीचा. पण रीळ संपेल म्हणून एकच फोटो घ्यायचा. समोर मोठे दीर उभे असायचे, म्हणून आम्ही सगळ्या सुना पदर पुढे ओढून घ्यायचो. महिन्याने फोटो यायचा. त्यात पुरुषांची तोंडं आणि सात पदर. माझा पदर कोणता ते मी काठावरून ओळखते.

फोन मला नातीने दिला, चंचलने. ती आता वडोदऱ्याला शिकते. जाताना तिने तिच्याशी बोलायला मला शिकवलं, "आजी, यात आपलं तोंड दिसलं की समजायचं फोन चालू आहे." तेवढं मला पक्कं येत होतं. फोटोसाठीही तिने बटण दाखवलं होतं, पांढरं गोल. ते दाबायच्या आधीही त्यात माझंच तोंड दिसायचं. मला वाटायचं, असंच असतं.

रविवारी सकाळपासून घरात रोटाची गडबड होती. रोट म्हणजे कानबाईचा नैवेद्य, घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून दळायचे, त्याच पिठाचं सगळं करायचं आणि ते भाऊबंदांनीच खायचं. माझी सून सुषमा पहाटे न्हाऊन स्वयंपाकघरात बसली होती. रोटाच्या पिठात हात असेपर्यंत ती दुसऱ्या कशाला शिवत नाही, फोनला तर नाहीच. "आई, तो फोन कुठे कुठे जातो ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मोरीत पण नेतात हे."

हे म्हणजे योगराज. तो केळीचे खांब आणायला उधन्याला गेला होता.

मलाही तीच अडचण. एका हाताने कानबाईला शिवायचं आणि दुसऱ्या हाताने फोनला. मग मला युक्ती सुचली. सुषमा घरी साड्यांना लेस लावायचं काम घेते, त्यामुळे साडीच्या प्लास्टिकच्या कोऱ्या पिशव्या आमच्याकडे गठ्ठ्याने असतात. एका पिशवीवर पाणी शिंपडलं, पुसली, फोन आत घातला, तोंड दुमडून चिकटपट्टी लावली. वरून बोट दाबलं तर फोनला कळत होतं. आता फोन सोवळ्यात.

नारळाला हळद लावली. मेणाचं नाक केलं, ते मला वाटलं होतं त्याहून बरं जमलं. डोळे बसवले. नथ घातली, डाव्या बाजूला, आपण घालतो तशीच. मग चौरंगाच्या शेजारी जाऊन बसले, हात लांब करून फोन पुढे धरला, आत मी आणि कानबाई दोघी दिसायला लागलो. मी मान वाकडी करून शक्य तेवढी बाजूला झाले आणि बटण दाबलं. फोटो गावी गेला.

दोन मिनिटांत जिजींचा फोन.

"मालती, हाई काय धाडं तू?"

"कानबाई, जिजी."

"कानबाई कोठे शे? माले तर तुना कान दिसस. कान नको देखाडू, कानबाई देखाड."

मी आणखी बाजूला झाले, जवळजवळ भिंतीला टेकले आणि दुसरा फोटो पाठवला.

"तिले धुकामा बसाडी का?"

"नाही जिजी, घरातच आहे."

"मंग हाई धूर कसाना? रंजना, तू देख. धूर शे का नही?" मागून रंजनाचा आवाज आला, की आहे. "आणि तिले पावडर का बरं लाई? हळद कोठे गई?"

मी कानबाईकडे पाहिलं. सोन्यासारखी पिवळी होती. फोनमध्ये पाहिलं, तर पांढरी फटक, गालावर डाग नाही, नारळाची एक शीर नाही, सिनेमातल्या बाईसारखी गुळगुळीत. मला काही कळेना. मी ट्यूबलाइट लावली. मग ती हिरवट दिसायला लागली.

"आजारी दिसस," जिजी म्हणाल्या.

शेवटी मीच ओळखलं की धूर पिशवीचा आहे. फोन पिशवीतून काढला आणि ठरवलं, फोटो काढला की दरवेळी हात धुवायचे. त्या दुपारी मी जितके हात धुतले तितके माझ्या लग्नातही धुतले नसतील. सुषमा आतून म्हणाली, "आई, टाकीतलं पाणी संपवाल." ट्यूबलाइट बंद करून खिडकी उघडली. श्रावणातला ढगाळ उजेड आत आला, मऊ, सगळीकडे सारखा. फोटो आधीच्यापेक्षा स्वच्छ आला. पावडर अजून होतीच, पण कमी.

तो पाहून जिजी म्हणाल्या, "नाक चांगलं जमाडं."

मी खूश झाले. जिजींनी माझ्या कामाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

"पण नथ उजवीकडे का बरं घाली?"

"डावीकडेच घातली आहे, जिजी."

"मी आंधयी शे का? उजवीकडे दिसस."

"तुम्हाला तुमच्या उजवीकडे दिसत असेल. तिच्या डावीकडे आहे."

"मनी डावी नही, तुनी डावी नही, तिनीच डावी सांगी राहिनू मी. तिना उजवा नाकले नथ शे. आयुष्य गयं मनं नथ घालामा, माले शिकाडस का?"

मी पुन्हा कानबाईसमोर जाऊन उभी राहिले. नथ तिच्या डाव्या नाकपुडीत होती. मग फोटो पाहिला. फोटोत ती नथ मला ठीकच वाटत होती. रोज आरशात दिसते तशीच दिसत होती. जिजी म्हणतात ती उजवी, मी म्हणते ती डावी. मी माझा हात माझ्या नाकाला लावला, मग वळून कानबाईच्या नाकाला लावला, मग पुन्हा स्वतःच्या. असं दोन-तीनदा केल्यावर मला माझंच कळेना की डावं कोणतं.

तरी मी जिजींचं ऐकलं त्याचं खरं कारण वेगळं होतं. जिजींपुढे इतकी वर्षं मी जे म्हटलं ते 'हो जिजी' एवढंच. त्या चुकीचं सांगतील ही शक्यताच माझ्या डोक्यात येत नाही. माझी नजर चुकत असेल, एवढं मी लगेच मान्य करते. मी मेण सैल केलं, नथ काढली आणि पलीकडच्या बाजूला घातली. फोटो काढला, पाठवला.

"आते बरोबर. देख, किती शोभी राहिनी! आते लुगडं नीट कर, मंग मी हो सांगस."

मी लुगड्याच्या निऱ्या घालत बसले. चार वाजून गेले होते. योगराज केळीचे खांब घेऊन आला, बाहेर मांडव बांधायला लागला. भाऊबंद सहाला यायचे होते, गावाकडच्या बायका गाण्याला यायच्या होत्या. सुषमाचा रोट झाला होता. ती हात धुऊन पहिल्यांदाच बाहेर आली, कानबाईला नमस्कार करायला वाकली आणि तशीच थांबली.

"आई, नथ उलटी घातली."

"जिजींनी सांगितलं तशी घातली."

"त्यांनी सांगितलं म्हणून काय झालं? हे बघा की." तिने स्वतःची नथ दाखवली. ती सकाळपासून नथ घालूनच रोट करत होती. ती कानबाईसमोर उभी राहिली, मग तिच्या शेजारी उभी राहिली, दोघींची तोंडं माझ्याकडे. सुषमाची नथ एकीकडे, कानबाईची दुसरीकडे. आता शंकेला जागा नव्हती.

मी जिजींना फोन लावला. म्हटलं, नथ परत डावीकडे घेते.

"का बरं? फोटोमा चांगली दिसी राहिनी."

"फोटोत चांगली दिसते, जिजी, पण घरात उलटी आहे."

"फोटो का खोटं बोलस?"

"मला काय माहीत. सुषमाने पण पाहिलं."

हे मी बोलायला नको होतं. सुषमा ही सून, मी धाकटी जाऊ, आणि दोघींनी मिळून मोठीला खोटं पाडल्यासारखं झालं. जिजींचा आवाज एकदम खाली आला. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली येतो.

"मी आठे खाटवर पडेल शे, म्हणून मन्हा डोयावर भरोसा नही का तुमले? ऱ्हाऊ द्या मंग. नका बसाडू. पुढला साल मी येसू, तवय देखूत."

फोन ठेवला.

पुढच्या वर्षी देखूत म्हणजे यंदा कानबाई बसणार नाही. बाहेर मांडव उभा राहत होता, आत रोट झालेला, तो दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. आणि 'हो' आल्याशिवाय बसवायचं हे घरात कोणाच्या मनातही आलं नसतं, माझ्या तर नाहीच. देवी जिजींनी आपल्या मांडीवरून दिली होती. शब्द मोडून बसवली असती तर ती आमची राहिली नसती. एकदा ताप अंगात असताना जिजी आल्या होत्या, गाडीत उभ्याने. पण खंड पडू दिला नव्हता. तो खंड आता माझ्या फोटोमुळे पडणार होता.

योगराज दारातून म्हणाला, "आई, एवढं काय? मोठ्या आईला उद्या समजावू. आज बसवून टाकू."

"तू खांब बांध," मी म्हटलं.

तरी नथ उलटी ठेवून चालणार नव्हतं. बसो न बसो, कानबाईला उलटी नथ कोण ठेवील? मी मेण सोडवायला गेले आणि नाकच निघून हातात आलं.

सुषमाने तोंडावर पदर घेतला. सगळ्यांच्या मनात एकच आलं असणार, अपशकुन. मी कोणाकडे पाहिलं नाही. निरांजनावर मेण धरलं, मऊ झालं, नाक पुन्हा केलं, नारळाला दाबून धरून थंड होईपर्यंत बोट काढलं नाही. आत खोबरं थोडं हललं. मग नथ घातली. डावीकडे.

आणि तसाच, हात धुवायचेही विसरून, फोन उचलला, फोटो काढला आणि जिजींना पाठवला. बाजूला व्हायचंही सुचलं नाही. अर्ध्या फोटोत मीच होते. सोबत काही लिहिलं नाही, मला लिहिता येतं पण त्या बारीक अक्षरांवर बोट बसत नाही. जिजींच्या नजरेला नवं नाक ओळखू येणारच, आणि मनात एवढंच होतं की नाक पडलं आणि परत लावलं हे त्यांच्यापासून लपवायचं नाही.

मग फोन वाजला. जिजींचा आवाज अजून खालीच होता.

"मालती."

"हो जिजी."

"सुरतमा राहीसन गुजरातण व्हई गई का तू?"

"काय झालं?"

"पदर उजवा खांदावर कधीपासून टाकस?"

मी खाली पाहिलं. पदर डाव्या खांद्यावरच होता. लग्न झाल्यापासून तिथेच आहे. शेजारच्या गुजराती बायका पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणतात, आणि जिजींना ते कधी आवडलं नाही.

"डाव्याच खांद्यावर आहे, जिजी. आईशप्पथ."

"फोटोमा उजवावर शे."

गोम कुठे आहे ते त्यांना माझ्या आधी कळलं.

"मालती," त्या म्हणाल्या, "तुमनी मोरीनं दार कोणीकडे शे? तू कानबाईकडे तोंड करीसन उभी ऱ्हायनी का, कोणता हातले?"

"उजव्या हाताला. तुम्हाला माहीतच आहे."

"माले माहीत शे. फोटोमा डावा हातले शे." आणि मग त्यांचा आवाज वर आला, पहिल्यासारखा मोठा झाला. "व माय! हाऊ फोन नही, हाऊ आरसा शे! उलटं देखाडस सगळं! पदर उलटा, दार उलटं, नथ बी उलटी! अन् आपण दोन्ही बाया दुपारपासून भांडी राहिनूत!"

त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खुब्यात कळ आली असावी, कारण मध्येच "आई गं" झालं आणि पुन्हा हसणं. मागून रंजना विचारत होती, काय झालं, काय झालं.

आमच्याकडे सुषमानेही ते ऐकलं, फोन मोठ्या आवाजावर होता. "अहो आई," ती म्हणाली, "तुम्ही दुपारपासून सेल्फीवर काढत होता?"

"म्हणजे काय?"

"स्वतःचं तोंड काढायचा कॅमेरा तो. म्हणून तर कानबाई गोरी होत होती, तो सगळ्यांना गोरं करतो. कानबाईचा फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढायचा. ती बाणांची गोल खूण आहे ना, ती दाबा."

मी दाबली. फोनमधून माझं तोंड गेलं आणि माझे पाय दिसायला लागले. फोनच्या पाठीवर ती गोल भिंगं आहेत हे मी रोज पाहत होते. मला वाटायचं बॅटरी लावायची ती जागा.

आता फोटो नीट काढायचा होता. जिजींनी दुपारभर ज्या ज्या चुका काढल्या होत्या, त्या सगळ्या मला आता उपयोगी पडल्या. पाठीवरच्या भिंगाला माझ्या हाताची हळद आणि मेण लागलं होतं, ते धुतलेल्या सुती फडक्याने पुसलं. निरांजन कानबाईच्या मागे जळत होतं, त्याने तोंड काळं पडत होतं, ते पुढे बाजूला ठेवलं. खिडकीचं दार पूर्ण उघडलं आणि मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, तर माझीच सावली कानबाईवर पडली. मग थोडी बाजूला सरकले. अगदी जवळ फोन नेला तर नाक मोठं आणि कान लहान दिसत होते, म्हणून दोन पावलं मागे आले. उभ्याने काढला तर ती खाली मान घातल्यासारखी दिसत होती. शेवटी गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसले, तिच्या डोळ्यांसमोर माझे डोळे येतील असे. कोपर पोटाला लावले, म्हणजे हात हलत नाही. तिच्या तोंडावर बोट टेकवलं, तर हळद आपोआप नीट पिवळी झाली. श्वास धरला आणि बटण दाबलं.

एक हलला. एकात योगराजचा हात केळीच्या खांबासकट आला. तिसरा मी बराच वेळ बघत बसले. चांदीच्या डोळ्यांत खिडकीचे दोन बारीक चौकोन दिसत होते. मेणाच्या नाकावर माझ्या बोटाचा ठसा राहिला होता, तोही दिसत होता. आणि नथ डावीकडे.

सुषमाने वाकून पाहिलं. "आई, ही तर मोठ्या आईंच्या हातची नाही दिसत. तुमच्या हातची दिसते."

"म्हणजे वाईट?"

"मी वाईट म्हटलं का?"

तो फोटो पाठवला.

सहा वाजले. भाऊबंद आले, माझा पुतण्या भूपेंद्र आला, त्याची बायको कलाबाई आली, बाहेर चपलांचा ढीग झाला. गाण्याच्या बायका अंगणात बसून एकमेकींच्या सुनांची चौकशी करू लागल्या. कानबाई आत चौरंगावर तयार होती, पण बसलेली नव्हती. फोनवर दोन निळ्या खुणा आल्या होत्या. म्हणजे जिजींनी फोटो पाहिला होता. पण उत्तर नव्हतं. मी त्यांना फोन केला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा केला. उचलला नाही.

"अजून रुसल्या का?" योगराज म्हणाला.

"हसल्या होत्या की."

"मग?"

मला ठाऊक होतं मग काय. दुपारी फोटो चुकत होते तोवर जिजी इथेच होत्या, माझ्या घरात, प्रत्येक टिकलीत त्यांचं बोट होतं. आता फोटो बरोबर आला. त्यात त्यांना सांगायला काही उरलं नव्हतं. खाटेवर पडलेल्या बाईने 'हो' म्हणायचं म्हणजे तिच्याशिवाय झालं हे तिनेच सांगायचं. ते एकदम कसं म्हणवेल? मी त्यांच्या जागी असते तर मलाही वेळ लागला असता. मी योगराजला म्हटलं, "थांब. किती का वेळ लागेना, थांबायचं."

अंगणातल्या बायकांनी एक गाणं सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं, कारण आत अजून काही हालचाल नव्हती.

मग फोन वाजला, पण जिजींचा नव्हता. रंजनाचा, तिच्या दुसऱ्या फोनवरून.

"काकू, तुम्ही मोठ्या फोनवर करत होता का?"

"हो गं. जिजी उचलत का नाहीत?"

"उचलतील कशा? काही दाबलं जात नाही त्यावर." रंजना चिडली होती की हसत होती ते कळत नव्हतं. "तुमचा फोटो आला, त्यांनी मला खाटेवरच पाट मांडून वर स्वच्छ कापड घालायला लावलं. फोन पाटावर ठेवला, फोटो मोठा करून. मग हळद-कुंकू मागितलं. मी म्हटलं, आई, लांबून वाहा, तर ऐकतील? काचेवर बोटाने लावलं, कपाळावर बरोबर. वर अक्षता, वर फुलं. आता फोन वाजतो पण बोट लागत नाही, सगळं कुंकू झालंय. पुसू का म्हटलं तर हात धरतात माझा. नवा फोन आहे, काकू!"

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या. ओटी भरायला तांदूळ मागताहेत आता."

ओटी बसलेल्या देवीचीच भरतात. मी फोन सुषमाच्या हातात दिला. रोट झाला होता, ती शिवू शकत होती. पदर डोक्यावर घेतला आणि अंगणाच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"हो," मी म्हटलं. "बसाडा."